माळ, उपरणे आणि कपाळावरची राख

वाचकाचे पत्र, थोडक्यात : मी औसा तालुक्यातील एका गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. गेल्या ऑक्टोबरपासून जर्मनीतील आखेन शहरात अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. वडील माळकरी आहेत, वारी चुकवत नाहीत; मी बारा वर्षांचा असताना माझ्याही गळ्यात तुळशीची माळ घालण्यात आली. फेब्रुवारीत इथे कार्निव्हल झाला. मित्रांनी आग्रह केला म्हणून निघताना वडिलांनी दिलेले उपरणे खांद्यावर टाकून, फेटा बांधून मी त्यांच्याबरोबर कोलोनला गेलो. रात्री खूप नाचलो आणि दोन-तीन ग्लास बिअर घेतली. एका मित्राने फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. त्यात माळ, उपरणे आणि ग्लास तिन्ही स्पष्ट दिसतात. ती नेमकी महाशिवरात्रीची रात्र होती. चुलतभावामार्फत तो फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचला. ग्लासात सफरचंदाचा रस होता, असे मी वडिलांना सांगितले. तीन दिवसांनी घरमालकीण आजींबरोबर चर्चमध्ये गेलो असता धर्मगुरूंनी माझ्या कपाळावर राखेचा क्रूस काढला आणि त्याच दिवशी व्हिडिओ कॉलवर आईने विचारले, "कपाळाला काळं काय लावून घेतलास रे?" तेव्हापासून वडील बोलत नाहीत. मी पाप केले का? आता ईस्टरच्या रात्री चर्चला आणि नंतर मित्रांबरोबर डान्सला चलण्याचे निमंत्रण आहे. जावे का? सप्टेंबरच्या पुरात आमचे सोयाबीन गेले, शैक्षणिक कर्जाला वडील जामीन आहेत. अशा वर्षी मी आनंद करावा का, हेही कळत नाही.

प्रिय बाळा,

तुझे पत्र मी दोन दिवसांत तीनदा वाचले. पाप, निमंत्रण, कर्ज आणि वडिलांचा अबोला हे सारे तू एकाच गाठीत बांधले आहेस आणि म्हणूनच ती तुला सुटेनाशी झाली आहे. मला मात्र तुझ्या पत्रातील एकच ओळ जड वाटली आणि ती नाचण्याची किंवा राखेची नसून सफरचंदाच्या रसाची आहे. तिच्याकडे मी येणार आहे, परंतु त्याआधी उत्सवाविषयी बोलू. कारण ज्या उत्सवात तू नाचलास तो काय आहे हे तुलाच नीट ठाऊक असते, तर वडिलांना काय सांगावे असा पेच कदाचित पडला नसता.

कार्निव्हल म्हणजे सोंगे आणि बिअर, एवढाच तुझा समज झालेला दिसतो. वास्तविक ऱ्हाइन नदीकाठच्या कॅथलिक मुलखात हा सण उपवासाच्या उंबरठ्यावर येतो. राखेच्या बुधवारी त्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागतो आणि तो ईस्टरपर्यंत चालतो. मधले रविवार त्या चाळिसांत धरत नाहीत. पूर्वी या काळात मांस, अंडी, चरबी असे सारेच वर्ज्य असे, म्हणून घरात उरलेले हे जिन्नस संपवण्यासाठी आधीच्या दिवसांत भरपूर तळण होई, आणि त्या आठवड्यात तुमच्याकडच्या बेकऱ्यांमध्ये मांडलेले बर्लिनर नावाचे गोल, तळलेले गोड पदार्थ ही त्याचीच खूण आहे. आता आपल्याकडचा आखाड आठवून पाहा. श्रावण लागण्याआधी ज्यांच्या घरी चालते ते मटणाचा बेत उरकून घेतात, आणि ज्यांच्या घरी चालत नाही तिथेही आखाड तळला जातो, कापण्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या होतात, लेकीबाळींकडे डबे जातात. तुझे वडील माळकरी असले तरी गावातला आखाड त्यांनी जन्मभर पाहिला आहे. 'हा ख्रिस्ती लोकांचा आखाड आहे' असे तू सांगितले असतेस, तर त्या फोटोकडे त्यांनी निदान वेगळ्या नजरेने पाहिले असते.

या सणाचा क्रमही तू लक्षात घ्यावास अशी माझी इच्छा आहे. ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी हंगाम सुरू होतो, मग मधल्या ख्रिसमसच्या दिवसांत तो मागे पडतो आणि उपवासाच्या आधीच्या गुरुवारी पुन्हा रस्त्यावर उतरतो. त्या गुरुवारी सत्ता बायकांची असते आणि त्या पुरुषांचे टाय कात्रीने कापतात. सोमवारी मोठी मिरवणूक निघते, तिच्यातून चॉकलेट-गोळ्यांचा वर्षाव होतो आणि लोक 'आलाफ' असा गजर करतात. मंगळवारी मध्यरात्री कोलोनच्या गल्ल्यांतून 'नुबेल' नावाचा पेंढ्याचा पुतळा जाळतात आणि त्या दिवसांत घडलेल्या साऱ्या आगळिकींचा दोष त्याच्या माथी मारतात. आपण होळीपुढे बोंब मारून मनातले वाईट बाहेर टाकतो, त्याच्याशी याचे नाते कुणालाही दिसेल. आणि दुसऱ्या दिवशी कपाळावर राख येते. म्हणजे तू चर्चमध्ये गेलास तो काही निराळा प्रसंग नव्हता. रविवारी रात्री तू सणाचा अर्धा भाग पाहिलास आणि बुधवारी उरलेला अर्धा पाहिलास. तुझ्या कितीतरी मित्रांनी तो दुसरा अर्धा पाहिलाही नसेल. आजींबरोबर तू गेलास याचा मला आनंद आहे, हे मी मोकळेपणाने सांगते.

महाशिवरात्रीचा योगायोग तुला फार टोचलेला दिसतो, म्हणून त्यामागचा हिशेबही सांगते. ईस्टर हा २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेपुढच्या रविवारी धरतात आणि कार्निव्हलचा सोमवार त्याच्या ४८ दिवस आधी असतो. पौर्णिमेच्या मागेपुढे असलेल्या दिवसापासून जवळपास सात आठवडे मागे गेले की अमावास्येचा सुमार येतो, आणि आपली महाशिवरात्र तर माघ वद्य चतुर्दशीची, अमावास्येच्या आदल्या तिथीची. म्हणून या वर्षी, २०२६ मध्ये, शिवरात्र १५ फेब्रुवारीला आणि त्यांचा सोमवार १६ फेब्रुवारीला आला. २०२३ मध्येही दोन्हींत दोनच दिवसांचे अंतर होते. अधिक मासामुळे काही वर्षी ही जोडी महिन्याभराने फाकते, ते निराळे. याच आठवड्यात रमजानही सुरू झाला. सारे चंद्राकडे पाहूनच चालले आहे. परंतु एवढे सांगूनही मी तुला यातून पूर्ण मोकळे करत नाही. लातुरात सिद्धेश्वराची यात्रा भरली असेल, घरी आईने उपवास धरला असेल, हे तुला त्या संध्याकाळी आठवले असणार. आठवूनही तू गेलास आणि नंतर ते लपवलेस, म्हणूनच ते टोचते आहे.

परक्यांच्या सणात जावे की नाही, या प्रश्नाला आपल्या मराठवाड्याने फार पूर्वीच उत्तर दिले आहे. तू औशाचा, तेव्हा येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, काय असते हे तुला मी सांगायला नको. त्या दिवशी गावे ओस पडतात, सारी माणसे शेतावर असतात, कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून दगड मांडलेले असतात आणि बांधावरून जाणाऱ्या वाटसरूला हाक मारून जेवायला बसवले जाते. त्याची जात किंवा धर्म विचारल्यावर त्याच्या पत्रावळीवर भज्जी (बेसन लावलेली मिश्र भाजी) आणि बाजरीचे उंडे पडतात असे होत नाही. अंबिलीचा पेला रिकामा झाला की पुन्हा भरला जातो. त्या पाहुण्याकडून आपली अपेक्षा तरी काय असते? पायातले काढून त्याने कोपीजवळ यावे, वाढलेले आनंदाने खावे आणि पांडवांची थट्टा करू नये, इतकीच. आखेनमध्ये तू तो पाहुणा आहेस.

माझ्या तरुणपणीची एक आठवण सांगते. परभणीला फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुस्लीम मैत्रिणीबरोबर तिथे गेले, रात्री उशिरापर्यंत बाजारात हिंडले, कव्वाली ऐकली आणि तिच्या आईच्या हातचा मलिदा खाल्ला. आमचे घर सोवळ्या-ओवळ्याचे असल्याने घरी आल्यावर मी भीत भीत वडिलांना सारे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी एवढेच विचारले, "आत जाताना डोक्यावरून पदर घेतला होतास ना?" मी होय म्हणाले आणि तो विषय तिथेच संपला. त्यांच्या मनात आणखी काही नसेल असे नाही. परंतु मी स्वतः सांगितले होते, त्यामुळे मनातले बोलायला त्यांना जागा राहिली होती. तुझ्या वडिलांना ती जागाच मिळाली नाही. त्यांना ते पुतण्याच्या फोनवरून कळले.

आता राखेविषयी. घरी ही गोष्ट सर्वांत भयंकर वाटली असणार आणि माझ्या मते तीच सर्वांत निर्मळ आहे. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या डहाळ्या जाळून ती राख करतात, आणि ती लावताना माणूस मातीचा आहे व मातीतच मिळणार आहे याची आठवण देतात. ती लावून घेण्यास सहसा कुणालाही मज्जाव नसतो आणि ती लावल्याने कुणी ख्रिस्ती होत नाही. ख्रिस्ती होण्यासाठी बाप्तिस्मा घ्यावा लागतो. मोठ्या माणसाचा तो दीर्घ तयारीनंतर, सर्वांसमक्ष आणि स्वतःच्या संमतीने होतो. हे वडिलांना याच शब्दांत सांग. आईला मात्र दुसरे काही आठवून दे. वारीहून परतलेल्या तुझ्या वडिलांच्या कपाळावर बुक्का असतो, तोही काळाच असतो. शिवरात्रीला शंकराच्या देवळातून येणारा माणूस भस्म लावून येतो, तीही राखच असते. माउलीने मुलाच्या कपाळावर काळे पाहिले आणि तिला धस्स झाले, यात तिचा काही दोष नाही, कारण तिला आधी कुणी काही सांगितलेच नव्हते.

चर्चमध्ये एक मर्यादा मात्र तू कटाक्षाने पाळ. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, शेवटाकडे लोक ओळीने पुढे जाऊन पवित्र भाकरी घेतात. तो प्रसाद नव्हे. आपल्याकडे समोर आलेला प्रसाद नाकारणे हा अपमान समजतात, त्यामुळे आपली मुले भाबडेपणाने हात पुढे करतात. परंतु कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार तो प्रत्यक्ष ख्रिस्ताचा देह असतो आणि त्यांच्या धर्मात दीक्षित नसलेल्याने तो घ्यायचा नसतो. तू जागेवर बसून राहा, किंवा पुढे जावेसे वाटलेच तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धर, म्हणजे धर्मगुरू केवळ आशीर्वाद देतील. फेटा बांधून जाणार असशील तर दारातच तो उतरव. नांदेडला हुजूर साहिबमध्ये डोके झाकल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि चर्चमध्ये पुरुषाने डोके उघडे ठेवायचे असते. देवापुढे आदर कसा दाखवायचा हे ज्याच्या त्याच्या घरी ठरलेले असते आणि पाहुण्याने ते विचारून घ्यायचे असते.

मग चूक कुठे झाली? ती माळेपाशी झाली. मी स्वतः माळकरी नाही आणि बिअर पिणारा माणूस वाईट असतो असेही मी मानत नाही. जर्मनीत तुझ्या वयाच्या मुलाला तो कायद्याने मिळालेला अधिकार आहे आणि तिथल्या लोकांना त्यात काही वावगे वाटत नाही. परंतु माळ हा काही दागिना नाही. मांस आणि मद्य वर्ज्य करीन, वारी करीन, खोटे बोलणार नाही असा शब्द देऊन ती घातली जाते, आणि गळ्यात ती असताना हातात ग्लास धरणे म्हणजे तो शब्द मोडणे होय. तुझ्या वडिलांना नाच दिसला नसेल, सोंगे दिसली नसतील. त्यांना माळ आणि ग्लास एका चौकटीत दिसले असणार. आणि त्यावर तू जे सांगितलेस त्याने तर त्याच शब्दाचा दुसरा भागही मोडला.

येथे तुला एक गोष्ट स्वतःशी ठरवावी लागेल आणि ती मी किंवा वडील ठरवू शकत नाही. बाराव्या वर्षी तो शब्द तू दिलास की तुझ्या वतीने दिला गेला? आज, तेविसाव्या की चोविसाव्या वर्षी, तो तुला आपला वाटतो का? वाटत असेल तर माळ राहू दे आणि मित्रांना सरळ सांग की तू पीत नाहीस. तिथे त्याचे कुणाला नवल वाटत नाही, कारण उपवासकाळात कितीतरी जर्मन माणसे स्वतःच चाळीस दिवस दारू सोडतात. वाटत नसेल तर माळ सन्मानाने उतरवण्याची वेळ आली आहे. पण ती तिथल्या तिथे काढून खणात टाकू नकोस. सुट्टीत घरी ये, वडिलांसमोर बस, त्यांच्या हातात ती दे आणि का देतोस ते सांग. त्यांना दुःख होईल. मराठवाड्यातल्या अनेक घरांत असे दुःख बापाने पचवले आहे. माळ गळ्यात आणि ग्लास हातात, वर फोटो न काढण्याची खबरदारी, हा जो तिसरा मार्ग तुझ्या काही मित्रांनी तुला सुचवला असेल, तो तेवढा धरू नकोस.

सफरचंदाच्या रसाबद्दल मात्र सुट्टीची वाट पाहू नकोस. येत्या रविवारीच फोन कर. २९ मार्चला तिकडची घड्याळे एक तास पुढे जातात आणि आपल्यातले साडेचार तासांचे अंतर साडेतीन तासांवर येते, हे ध्यानात ठेव. नाहीतर वडील हरिपाठाला निघायच्या वेळी तुझा फोन येईल आणि बोलणे अर्धवट राहील. ग्रुपवर लिहू नकोस, आईमार्फत निरोप धाडू नकोस. त्यांनी फोन घेतला नाही तर चार ओळींचे पत्र हाताने लिही, त्याचा फोटो फक्त त्यांना पाठव. "बाबा, त्या ग्लासात बिअर होती. मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्हाला दुःख होईल म्हणून बोललो, पण त्यानं दुप्पट दुःख झालं." एवढेच पुरे. त्याच्या जोडीला कार्निव्हलचा अर्थ, आखाडाची तुलना, चंद्राचा हिशेब असे काही सांगत बसू नकोस. ते मी तुला समजण्यासाठी लिहिले आहे. कबुलीच्या श्वासात ते आले की सबबीसारखे ऐकू येते. ते पुढच्या फोनला सांग, किंवा त्यांनी विचारले तर सांग. ते रागावतील, "तुला तिथं हेच करायला धाडलं का?" असे म्हणतील. ऐकून घे. मध्ये बोलू नकोस.

फोटोविषयीही दोन वाक्ये. जर्मनीत माणसाचा चेहरा त्याच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करता येत नाही, असा १९०७ पासूनचा कायदा आहे. मित्राला शांतपणे सांगितलेस तर तो फोटो काढून टाकील. परंतु आधी वडिलांशी बोल आणि मग फोटो हटवायला सांग. क्रम उलटला तर पुन्हा ती लपवाछपवीच होईल.

ईस्टरच्या रात्रीचे निमंत्रण तू स्वीकारावेस असे माझे स्पष्ट मत आहे. या वर्षी ईस्टर ५ एप्रिलला आहे, म्हणजे तो विधी शनिवारी, ४ एप्रिलच्या रात्री होईल. बाहेर विस्तव पेटवतात, त्यावरून एक मोठी मेणबत्ती लावतात आणि ती घेऊन अंधाऱ्या चर्चमध्ये शिरतात; मग त्या एका ज्योतीवरून प्रत्येकाच्या हातातली छोटी मेणबत्ती शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे पेटत जाते आणि हळूहळू सारी वास्तू उजळते. नवरात्रात तुळजापूरहून पायी ज्योत घेऊन धावणारी पोरे तू पाहिली आहेस, कदाचित स्वतःही धावला असशील. ती रात्र तुला परकी वाटणार नाही. त्यातही तुमच्या आखेनचे कॅथेड्रल म्हणजे सम्राट शार्लमेनची समाधी असलेली जागा. ८१४ मध्ये तो तिथेच पुरला गेला आणि पुढे कित्येक शतके जर्मन राजांचा राज्याभिषेक तिथे होत असे. १९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली तिच्यात ते आहे; आपली वेरूळ-अजिंठ्याची लेणी १९८३ मध्ये त्या यादीत आली. वेरूळ पाहून वाढलेल्या मुलाने ते कॅथेड्रल रिकाम्या वेळी, एकट्याने, एकदा तरी सावकाश पाहावे.

डान्सचे म्हणशील तर त्या सप्ताहाची एक रीत आधी समजून घे. गुड फ्रायडे, या वर्षी ३ एप्रिल, हा तिथे 'मौनाचा दिवस' समजला जातो आणि तुमच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात गुरुवारी संध्याकाळी ६ पासून शनिवारी सकाळी ६ पर्यंत सार्वजनिक नृत्यावर कायद्याने बंदी असते. त्या दिवशी खोलीत स्पीकर लावून पार्टी करू नकोस, आजींना ते फार लागेल. शनिवारी रात्री विधी आटोपल्यावर मित्रांबरोबर जायला हरकत नाही. चोविशीतल्या मुलाने नाचू नये असे म्हणणारी मी नव्हे, आणि दिंडीत पावली खेळणाऱ्याच्या मुलाचे पाय ठेका ऐकून थांबणारही नाहीत.

मात्र रात्री बाहेर पडण्याचे काही नियम असतात आणि ते आपल्या मुलांना घरी कुणी सांगितलेले नसतात, कारण घरी हा विषयच निघत नाही. कोलोनच्या पबमध्ये बिअरचा ग्लास लहान, २०० मिलिलिटरचा असतो आणि तो रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा आणून ठेवतो. नको असेल तर ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची असते. ही खूण ठाऊक नसल्याने 'एकच घेतो' म्हणणारी मुले सहा-सहा घेऊन बसतात. तू माळ ठेवणार असशील तर 'आफेलशोर्ले', म्हणजे सोडा मिसळलेला सफरचंदाचा रस, सर्वत्र मिळतो आणि तो मागताना लाजण्याचे कारण नाही. अल्कोहोलमुक्त लिहिलेल्या बिअरमध्येही अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकते आणि मिरवणुकीत उधळलेल्या मऊ गोळ्यांमध्ये जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला पदार्थ, बहुधा असतो. माळकऱ्याने हे माहीत असू द्यावे.

थंडीविषयी मला खरी काळजी वाटते. दारूने अंगाला ऊब आल्यासारखे भासते, प्रत्यक्षात कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची उष्णता बाहेर जाते. कडाक्याच्या रात्री प्यालेला मित्र बाकावर झोपला तर त्याला एकटे सोडून घरी येऊ नये. तो हलवूनही नीट जागा होत नसेल तर ११२ वर फोन करावा, पोलिसांसाठी ११० आहे; परक्या देशात भानगड नको म्हणून फोन टाळण्याची आपली सवय तिथे जिवावर बेतू शकते. पिऊन सायकल चालवू नये. सायकलस्वारालाही तिथे मद्याची मर्यादा लागू आहे आणि ती ओलांडणे हा गुन्हा ठरतो. आणि मुलींविषयी एक. कार्निव्हलमध्ये गालावर हलके चुंबन देण्याची प्रथा आहे, पण ती देणाऱ्याच्या खुशीची असते, मागणाऱ्याच्या हक्काची नसते. २०१६ मध्ये जर्मनीने 'नाही म्हणजे नाही' हे तत्त्व कायद्यात आणले. मुलामुलींनी मोकळेपणाने एकत्र वावरण्याची सवय नसलेल्या गावांतून आपली मुले जातात आणि कुणी हसून बोलले, जोडीने नाचले की त्याचा नको तो अर्थ लावतात. तू तसा आहेस असे मला वाटत नाही. तरीही तू हे वाचावेस आणि मित्रांशी बोलावेस.

राहिला पैशाचा आणि पुराचा प्रश्न. सप्टेंबरात मांजरा आणि तेरणेकाठी काय झाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. उभे सोयाबीन पाण्यात गेले, काही ठिकाणी माती वाहून खडक उघडा पडला. तशा वेळी तू विमानात बसलास आणि म्हणून प्रत्येक हसण्याची तुला शरम वाटते, हे मी समजू शकते. परंतु त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे येळवस झाली. नुकसान सोसलेल्या शेतांतही कोप्या उभ्या राहिल्या आणि बायकांनी भज्जी केली. तुझ्या आईनेही केली असेल. सण करणे म्हणजे दुःख विसरणे असे आपल्याकडे कधी मानले गेले नाही. तू हिशेब मात्र चोख ठेव. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, तुला महिन्याला ९९२ युरो मिळत असतील. त्यातून खोली, विमा आणि जेवण वगळून उरते त्यातला ठरावीक भाग, समज ३०-४० युरो, महिन्याच्या आरंभीच फिरण्या-सणासाठी बाजूला काढ आणि तो संपला की त्या महिन्यातले बाहेर जाणे संपले असे धर. काम करायचे असेल तर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस ही विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. पण परीक्षेच्या आधीच्या आठवड्यांत पाळ्या घेऊ नकोस. एक विषय राहिला आणि सत्र वाढले तर त्याचा खर्च सगळ्या कार्निव्हलच्या खर्चाहून कितीतरी मोठा असेल, आणि वडिलांना झोप लागत नसेल तर ती त्या हिशेबाने.

आजींना तू आपल्याकडचे काही दिलेस का, हे पत्रात नाही. त्यांनी तुला आपल्या देवापर्यंत नेले. पुढच्या येळवशीला शेत नसले तरी स्वयंपाकघर आहे. भज्जीला लागणारे वाटाणे, हरभरे आणि बेसन तिथे मिळते, ताकही मिळते. त्यांना आणि त्या मित्रांना बोलाव, अंबील कर आणि हा सण काय आहे ते सांग. आईला व्हिडिओवर ठेवून कर, तिला विचारत विचारत. तिला तुझ्या हातात पळी दिसू दे.

शेवटी त्या उपरण्याविषयी लिहिते. ते वडिलांनी तुला दिले तेव्हा ते त्यांच्या खांद्यावरचेच असणार. त्यावर त्या रात्रीचे काही सांडले असेल तर हाताने धू, मशीनमध्ये टाकू नकोस, सावलीत वाळव. आषाढी एकादशी या वर्षी २५ जुलैला आहे आणि लातूरकडचे कुणी ना कुणी तुमच्या विद्यापीठातून उन्हाळ्यात गावी येतच असेल. वडिलांशी बोलणे झाल्यावर त्यांना विचार, "बाबा, वारीला तुमचं उपरणं हवंय का, पाठवू का?" ते हो म्हणाले तर त्या मुलाच्या हाती घडी करून पाठव, आणि तुझ्याजवळच ठेव म्हणाले तर ठेव.

तुझी,
ताई